वाचकांचे प्रश्न : स्क्वॅशची बाटली फसफसते का?

नागपुरी संत्र्याचा आंबिया बहार साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरात आणि मृग बहार फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. कळमन्याहून संत्री घरी आली की स्क्वॅश होतो, आणि स्क्वॅश झाला की आमच्याकडे पत्रं येऊ लागतात. या वेळी बहुतेकांची तक्रार रसाची नसून बाटलीची आहे. म्हणून हे सदर सगळं बाटल्यांनाच दिलं आहे.

प्रश्न : मी काचेच्या बाटल्या दहा मिनिटं उकळते, स्क्वॅश टिकावा म्हणून केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) ही पूडही घालते. तरी महिन्याभरात झाकण उघडताना फस्स आवाज येतो, कधी गळ्याशी पांढरी बुरशी दिसते. चुकतं कुठे?
(एक वाचक, महाल)

फस्स आवाज आणि पांढरी बुरशी ही दोन वेगळी दुखणी आहेत. वायू होतो तो यीस्टमुळे. बुरशीला हवा लागते, म्हणून ती वर, गळ्याशीच धरते. दोन्हींची वाट मात्र बरेचदा एकच असते : बाटली उकळली जाते, पण त्याआधी नीट धुतली जात नाही.

जुन्या सरबताचा चिकट थर बाटलीच्या खांद्याला आणि तळाच्या कोपऱ्यात वाळून बसतो. उकळल्यावर वरचे जंतू मरतात, पण थराच्या आत दडलेले काही वाचू शकतात आणि त्यांना खायला साखर तिथेच तयार असते. म्हणून आधी धुणं. लिटरभर गरम पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा विरघळवा, बाटल्या त्यात अर्धा तास बुडवून ठेवा, मग लांब दांड्याच्या ब्रशने खांदा आणि तळ घासा. खाण्याचा सोडा इथे कामाचा नाही, तो फार सौम्य. हातमोजे घाला. भांडी घासण्याचा साबण चालतो, पण त्याचा वास काचेपेक्षा झाकणाच्या वायसरात जास्त मुरतो, म्हणून झाकणांना तो कमीच लावा.

धुतलेली बाटली उजेडासमोर धरून पाहा. आतून पाणी ओतून टाकल्यावर काचेवर पाण्याची सलग पातळ चादर राहिली तर बाटली स्वच्छ आहे. पाणी थेंबाथेंबाने तुटलं, ठिपके धरले, तर तिथे अजून तेलकटपणा आहे; परत सोड्यात टाका.

आता उकळणं. मोठ्या गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या, तळाशी फडकं किंवा स्टीलची जाळी ठेवा, बाटल्या आडव्या घाला आणि थंड पाणी इतकं भरा की आत हवेचा एकही फुगा राहणार नाही. उकळत्या पाण्यात थंड बाटली कधी टाकू नका, तडकते. पाणी आणि बाटली एकत्रच तापू द्या. खळखळ उकळी आल्यावर घड्याळ लावा, आधी नाही. दहा मिनिटं. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे, इथे पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे एक मिनिट जास्त दिलं तर उत्तम. एवढ्यानेही काही जिवाणूंचे बीजाणू जिवंत राहतात, पण स्क्वॅशच्या आंबटपणात त्यांना सहसा वाढता येत नाही. (हा हिशेब आंबट पदार्थांपुरताच. तेलातला लसूण किंवा बिनआंबट भाज्या अशा बाटल्यांत भरून ठेवू नका.)

खरी गडबड इथून पुढे होते. उकळलेली बाटली सांडशीने काढली, आणि ओली आहे म्हणून आत कापड घालून पुसली! त्या कापडावर काय होतं ते कोणी तपासलेलं नसतं. बाटली आतून पुसायची नाही. उकळलेल्या जाळीवर उपडी ठेवा, आपोआप निथळते. भरताना पंखा आणि कूलर बंद करा. कूलरच्या ओल्या खसमधून आणि टाकीतून बुरशीचे बीजाणू हवेत येतात, आणि उघड्या बाटल्यांवर ते बसतात. मार्चअखेरीला कूलर सुरू झाले की अशी पत्रं वाढतात.

झाकणाकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. जुन्या पत्र्याच्या झाकणात पुठ्ठ्याची किंवा बुचाची चकती असते. ती एकदा रस प्यायली की कितीही उकळा, तिचा भरवसा नाही. अशी झाकणं फेका. प्लास्टिकचं झाकण असेल तर आतली चकती टोकदार सुरीने काढा, दोन्ही वेगळी धुवा.

भरताना वर दोन-अडीच सेंटिमीटर जागा सोडा, गळ्यावर सांडलेला स्क्वॅश उकळलेल्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने लगेच पुसा, मग झाकण लावा. झाकणाची कडा वितळलेल्या मेणात बुडवण्याची जुनी रीत आजही चांगली आहे. आणि बाटली खिडकीत ठेवू नका. दिवसा तापून रात्री गार झाली की आतल्या बाजूला वाफेचे थेंब जमतात, ते स्क्वॅशच्या वरच्या थरात उतरतात, तेवढाच थर पातळ होतो आणि बुरशीला तेवढाच पुरतो.

केएमएसबद्दल खाली वेगळा प्रश्न आहे, तो वाचा. तुमची अर्धी अडचण तिथे असण्याची शक्यता आहे.

प्रश्न : सोड्याने धुतल्यावर बाटल्या आतून पांढरट दिसतात. घासूनही जात नाही. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे.
(एक वाचक, मानेवाडा)

बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम सोड्याशी मिळून चुन्यासारखा थर देतं. तो अपायकारक नाही, पण खरबरीत असतो आणि त्यात घाण अडकते. लिटरभर कोमट पाण्यात १० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून बाटल्या वीस मिनिटं भरून ठेवा, थर सुटेल. सोड्यानंतरची शेवटची खळबळ नळाच्या, म्हणजे पेंच किंवा कन्हानच्या पाण्याने करता आली तर थर कमी बसतो. आणि लिंबूसत्त्व वापरल्यावर बाटली भरपूर पाण्याने धुतल्याशिवाय ब्लीचकडे हात नेऊ नका. का, ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : पन्नास-साठ बाटल्या उकळायच्या म्हणजे सिलिंडरच संपतो. ब्लीच वापरलं तर चालेल का? किती घालायचं? वास राहतो का?
(महिला बचत गटाच्या एक सदस्य, हिंगणा रोड)

चालतं, आणि मोठ्या संख्येला तेच सोयीचं. बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइट किती टक्के आहे ते वाचा. आपल्याला पाण्यात २०० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत २०० भाग, क्लोरीन हवं. हिशेब सोपा : २० ला त्या टक्केवारीने भागा, जे येईल तितके मिलिलिटर एका लिटर पाण्यात. ४ टक्क्यांचं असेल तर ५ मिलि, ५ टक्क्यांचं असेल तर ४ मिलि, १० टक्क्यांचं असेल तर २ मिलि. मोजायला सुई काढलेली औषधाची सिरिंज घ्या. "थोडं जास्त टाकलं तर बरं" हा विचार इथे उलटतो, जंतू तेवढेच मरतात आणि वास मात्र धुता धुता नाकी नऊ येतात.

पाणी साधं, थंड घ्या. गरम पाण्यात क्लोरीन लवकर उडून जातं. प्लास्टिकच्या टबात द्रावण करा, स्टीलच्या भांड्यात जास्त वेळ ठेवलं तर स्टीलला बारीक खड्डे पडतात. बाटल्या पूर्ण बुडवा, आतला फुगा काढा, दहा मिनिटं ठेवा. एका द्रावणात पंचवीस-तीस बाटल्या झाल्या की ते ओतून नवीन करा. बाटल्यांवर चिकटा राहिला असेल तर याहून लवकर, कारण साखर, गर, कागदाचे डिंक हे सगळं क्लोरीन खाऊन टाकतं आणि जंतूंसाठी काही उरत नाही. न धुतलेल्या बाटलीवर ब्लीच म्हणजे ब्लीचची नासाडी.

नंतर उकळून गार केलेल्या पाण्याने दोनदा खळबळा. छतावरच्या टाकीचं पाणी घेतलंत तर मारलेले जंतू परत आत बोलावल्यासारखं होईल. क्लोरीन राहिलं तर नुसता वासच नाही, फळातल्या घटकांशी मिळून औषधासारखी चवही येते, आणि ती साखरेने झाकली जात नाही.

ब्लीच उन्हाने आणि उष्णतेने कमजोर होतं. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या आसपास असताना गच्चीवर किंवा पत्र्याच्या शेडमध्ये राहिलेलं, सहा महिन्यांपूर्वीचं ब्लीच असेल तर लेबलवरची टक्केवारी विसरा. ताजी बाटली आणा. सुगंधी, घट्ट, रंगीत प्रकार घेऊ नका.

आणि हे गटातल्या सगळ्यांना सांगा : ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबूसत्त्व, संडास साफ करायचं ॲसिड काहीही मिसळायचं नाही. विषारी क्लोरीन वायू निघतो. अमोनिया असलेल्या काच-सफाईच्या द्रावणाचंही तेच, फक्त वायू वेगळा. काम दारं-खिडक्या उघड्या ठेवून करा. वाळवताना आणि भरताना पंखा बंद ठेवायचा असतो, इथे मात्र हवा हवी.

प्रश्न : प्रेशर कुकर किंवा ओव्हनमध्ये बाटल्या निर्जंतुक होतात का? मायक्रोवेव्ह?
(एक वाचक, सदर)

कुकर उत्तम, पण बाटली लहान हवी. शिट्टीच्या दाबाला आत सुमारे १२१ अंश तापमान होतं, तिथे १५ ते २० मिनिटांत बीजाणूही मरतात. बाटली सरळ उभी ठेवली तर आत हवा कोंडून राहते आणि वाफ तळाशी पोचत नाही. म्हणून आडवी किंवा उपडी ठेवा, खाली जाळी, झाकण न लावता. गॅस बंद केल्यावर दाब आपसूक उतरू द्या. घाईने शिट्टी उचलली की काच तडकते.

ओव्हनची कोरडी उष्णता फार सावकाश काम करते. १७० अंशांना एक तास, १६० ला दोन तास, १५० ला अडीच तास. बाटल्या कोरड्या करून, तोंडाला फॉइल बांधून थंड ओव्हनमध्ये ठेवा, हळू तापवा आणि ओव्हन बंद करून आतच गार होऊ द्या. फॉइल न काढता या बाटल्या ठेवून देता येतात, हा ओव्हनचा मोठा फायदा : काम आदल्या रात्री करून ठेवा. वीज बरीच लागते, हा तोटा. वायसर आणि प्लास्टिकची झाकणं ओव्हनमध्ये नाहीत.

मायक्रोवेव्ह नको. रिकामी काच त्यात सारखी तापत नाही.

प्रश्न : रिकाम्या बाटलीत केएमएसचं पाणी फिरवलं तर वेगळं उकळायची गरज आहे का? आणि स्क्वॅशमध्ये नेमकं किती घालावं?
(एक वाचक, वाडी)

नुसत्या पाण्यातलं केएमएस, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, जंतूंना मारण्यापेक्षा त्यांची वाढ रोखून धरतं. त्यातला सल्फर डायऑक्साइड आंबट माध्यमातच जोर धरतो. म्हणून स्क्वॅशमध्ये ते कामाचं, रिकाम्या बाटलीवर त्याचा भरवसा धरू नका.

प्रमाण असं : तयार स्क्वॅशच्या किलोमागे ०.६ ग्रॅम. त्यातून साधारण ३५० पीपीएम सल्फर डायऑक्साइड मिळतो, आणि स्क्वॅशसाठी तीच मर्यादा धरली जाते. एक लिटर रस, पावणेदोन किलो साखर, एक लिटर पाणी, ३० ग्रॅम लिंबूसत्त्व घेतलं तर स्क्वॅश पावणेचार किलोच्या आसपास होतो, त्याला २.३ ग्रॅम. चमच्याने नाही, ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर मोजा. चिमूट हे माप मिठापुरतं ठीक.

महालच्या वाचकांनी आता इथे लक्ष द्यावं. केएमएस गरम पाकात घातलं की वायू उडून जातो आणि स्क्वॅशमध्ये काही उरत नाही. पाक पूर्ण गार करा, गाळा, रस मिसळा, आणि मग केएमएस दोन चमचे पाण्यात विरघळवून शेवटी घाला. जुनं, ओल लागून गुठळ्या झालेलं केएमएसही निकामी समजा. नागपुरी संत्र्याचा रस तापवला तर बियांतल्या आणि सालीच्या आतल्या पांढऱ्या भागातल्या लिमोनिनमुळे कडवटपणाही वाढतो, त्यामुळे रस गार घालण्यात दुहेरी फायदा आहे.

कोकम, जांभूळ, डाळिंब यांच्यात केएमएस रंग फिका करतं, तिथे सोडियम बेन्झोएट वापरतात. घरात कोणाला दमा असेल तर केएमएसचा स्क्वॅश त्यांना देऊ नका, आणि डबी उघडताना नाक दूर ठेवा.

प्रश्न : आल्याचं फसफसणारं पेय, ज्याला जिंजर बिअर म्हणतात, ते यीस्ट घालून करतो. कबाडीकडून घेतलेल्या दारूच्या बाटल्या चांगल्या धुऊन वापरल्या. दोन फुटल्या. धुण्यात काही राहिलं का?
(एक वाचक, इतवारी)

धुण्यात नाही, निवडीत राहिलं. व्हिस्की-रमच्या बाटल्या वायूचा दाब सोसायला बनवलेल्याच नसतात. बिअरच्या आणि सोड्याच्या बनवलेल्या असतात, पण त्यांच्याही काठाला टवका किंवा अंगावर चरा असेल तर बाद. बोटाचं नख तोंडाच्या कडेवरून फिरवा, टवका लगेच कळतो.

दाबाचा हिशेब कळला की पुढे भीती वाटेल आणि ती वाटायलाच हवी. लिटरमागे सुमारे ४ ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर बाटलीतल्या पेयाइतक्याच आकारमानाचा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. बिअरमध्ये साधारण अडीचपट असतो. तुमच्या पेयात लिटरला १०० ग्रॅम साखर असेल आणि ती सगळी आंबली, तर पंचवीसपट! कोणतीही साधी बाटली ते सोसणार नाही. म्हणून हे पेय पूर्ण आंबू द्यायचंच नसतं. भरताना एक बाटली प्लास्टिकची, सोड्याची घ्या. ती दाबून दगडासारखी कडक लागली की काचेच्या सगळ्या बाटल्या त्या क्षणी फ्रिजमध्ये. हिवाळ्यात दोन-तीन दिवस लागतील, एप्रिल-मेमध्ये खोलीतच ३५ अंश असताना एक दिवसही पुरतो. बाहेर विसरलेली बाटली उघडायला जाऊ नका, आधी जाड गोणपाटात गुंडाळून गार करा.

अस्वच्छ बाटलीचा संबंध इथेही आहे. जंगली यीस्ट आत राहिलं तर तुमच्या यीस्टने सोडलेली साखरही ते खात बसतं आणि दाब अंदाजाबाहेर जातो.

पत्र्याची दातेरी झाकणं एकदाच वापरायची, उघडताना ती वाकतात आणि परत घट्ट बसत नाहीत. नवी झाकणं उकळू नका, आतला अस्तर सैल पडतो. ब्लीचच्या त्याच २०० पीपीएम पाण्यात बुडवून उकळलेल्या पाण्याने धुवा. तारेच्या पकडीच्या बाटल्या असतील तर दर वेळी वायसर काढून त्याच्या खाचेत पाहा, काळी बुरशी तिथेच लपते. गोटी सोड्याच्या बाटल्या दिसायला छान, पण गोटीमागे ब्रश जात नाही. त्या शोभेला ठेवा.

कबाडीच्या बाटलीत आधी काय होतं हे माहीत नसेल तर वास घ्या. रॉकेल, फिनाईल, फवारणीचं औषध यांचा किंचितही संशय आला तर ती बाटली कितीही धुतली तरी खाण्यापिण्यासाठी नाही.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत घरी बिअर करतो. तो बाटल्यांना फेसाळ द्रावण लावतो आणि न धुताच त्यात बिअर भरतो. हे बरोबर आहे का? आपल्याकडे करता येईल का?
(एक वाचक, प्रतापनगर)

द्रावण बरोबर आहे. ते फॉस्फोरिक आम्ल आणि फेस करणाऱ्या एका आम्लाचं मिश्रण असतं, लिटरला साधारण दीड मिलि घालतात, मिनिट-दोन मिनिटं बाटली आतून ओली राहिली की काम झालं. इतक्या कमी मात्रेत ते पोटाला किंवा चवीला बाधत नाही, म्हणून धुवावं लागत नाही. उलट धुण्याच्या पाण्यातून जंतू परत येण्याचा धोका टळतो. अट एकच, द्रावणाचा पीएच ३ च्या खाली हवा. जड पाण्यात ते गढूळ होतं आणि जोर जातो, तेव्हा बोअरच्या पाण्यात ते करू नये, आरओच्या पाण्यात करावं. बिअर करणारे याबाबत इतके काटेकोर असतात, कारण तिच्यात ना केएमएसचा आधार, ना स्क्वॅशइतकी साखर. लॅक्टोबॅसिलस हा जिवाणू शिरला की ती आंबते, हवेसोबत ॲसिटोबॅक्टर शिरला की व्हिनेगर होते.

अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरगुती बिअरला केंद्रीय करातून सूट मिळाली. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ आहे, परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा गुन्हा आहे. शेजारच्या वर्ध्यात तर १९७५ पासून पूर्ण दारूबंदी. तेव्हा द्रावण जरूर मागवा, पण सरबतासाठी आणि कांजीसाठी.

प्रश्न : पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या उकळून स्क्वॅशला वापरता येतील का?
(एक वाचक, काटोल)

नाही. ते प्लास्टिक ७०-७५ अंशांनाच मऊ पडतं, उकळत्या पाण्यात बाटली आकसून वाकडी होते. थंड ब्लीचने निर्जंतुक होईल, पण आत ब्रशचे ओरखडे पडले की त्यात जंतू राहतात. महिनोन्महिने ठेवायचा स्क्वॅश काचेतच भरा. प्लास्टिक आठवड्याभरात संपणाऱ्या, फ्रिजमधल्या सरबतापुरतं.